संशयाचा फायदा कोणाला?

अमेरिकी नौदलाच्या एका अत्याधुनिक विनाशिकेला अ‍ॅडमिरल एल्मो झुमवाल्ट यांचे नाव दिलेले आहे. नौदलाच्या इतिहासात ते सर्वांत तरुण नौदलप्रमुख आणि मोठे सुधारक म्हणून ओळखले जातात. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद वेगळ्या कारणाने होते. ज्या विषारी रसायनाच्या फवारणीचा आदेश त्यांनी स्वतः दिला, त्याच रसायनाने आजारी पडलेल्या सैनिकांना सरकारी मदत मिळावी म्हणून त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. त्या सैनिकांमध्ये त्यांचा थोरला मुलगाही होता. सेवेत असताना घातक रसायनांशी संबंध आलेल्या सैनिकांना मदत देण्याची अमेरिकेतील आजची पद्धत कशी उभी राहिली, हे समजून घ्यायचे तर झुमवाल्ट यांचे आयुष्य पाहावे लागते.

एल्मो झुमवाल्ट यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९२० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. कॅलिफोर्नियातील तुलारी या शेतीप्रधान गावात ते वाढले. आई आणि वडील दोघेही डॉक्टर. गावातल्या आणि आसपासच्या शेतमजुरांवर उपचार करणारे हे दांपत्य पाहत मोठा झालेला हुशार मुलगा डॉक्टरच होणार, असे घरात गृहीत धरलेले होते. पण १९३९ मध्ये त्यांना अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत प्रवेश मिळाला आणि वाट बदलली. त्याच वर्षी त्यांच्या आईचा कर्करोगाने मृत्यू झाला.

दुसऱ्या महायुद्धामुळे अकादमीचा अभ्यासक्रम लवकर आटोपला आणि १९४२ मध्ये ते थेट युद्धनौकेवर रुजू झाले. १९४४ च्या लेइते आखाताच्या लढाईतील कामगिरीबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले. युद्ध संपताच, ताब्यात घेतलेली एक जपानी नौका घेऊन ते शांघायला गेले. तेथे मूझा या तरुणीशी त्यांची ओळख झाली. तिचे वडील फ्रेंच आणि आई रशियन होती. काही आठवड्यांतच दोघांनी लग्न केले. १९४६ मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला. त्याचे नावही एल्मोच ठेवले. या मुलाला जन्मतः हृदयात दोष होता आणि लहानपणी त्याला पोलिओही झाला. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन तो सावरला आणि पुढे वडिलांप्रमाणेच नौदलात गेला.

नदीकाठची झाडी

सप्टेंबर १९६८ मध्ये झुमवाल्ट व्हिएतनाममधील अमेरिकी नौदलाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालचे नौदल समुद्रापेक्षा नद्यांत आणि कालव्यांत लढत होते. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात छोट्या, पातळ पत्र्याच्या गस्ती बोटी फिरत. दोन्ही काठांवर पाण्यापर्यंत आलेली दाट झाडी असे. शत्रू त्या झाडीत दबा धरून बसे आणि बोट हाकेच्या अंतरावर आली की गोळीबार करी. या बोटींवरील शंभर जणांपैकी सुमारे सहा जण दर महिन्याला मारले जात किंवा जखमी होत. या दराने वर्षभराची नेमणूक धडधाकट पार पाडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी होती.

झाडीच नाहीशी झाली तर दबा धरायला जागा उरणार नाही, हे उघड होते. त्यासाठीचे साधन तयार होते. अमेरिकी हवाई दल १९६२ पासून व्हिएतनामच्या जंगलांवर आणि पिकांवर विमानांतून तणनाशके फवारत होते. झुमवाल्ट यांनी नदीकाठांवर ही फवारणी वाढवण्याचा आदेश दिला. काही आठवड्यांत काठ उघडे पडले. नौदलाच्या इतर डावपेचांचाही वाटा होताच, पण बोटींवरील हानीचे प्रमाण दरमहा सहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आले. आदेश देण्यापूर्वी त्यांनी माणसांना धोका आहे का, याची चौकशी केली होती आणि धोका नाही असेच त्यांना सांगण्यात आले होते.

मुलगा एल्मो स्वतःहून व्हिएतनामची नेमणूक मागून तेथे आला आणि १९६९ मध्ये एका गस्ती बोटीचा कप्तान झाला. त्याची बोट देशाच्या दक्षिण टोकाच्या का मौ भागातील नद्यांत फिरत असे. हा भाग फवारणीच्या पट्ट्यात होता. निष्पर्ण झालेल्या काठांवर उतरणे, नदीच्या पाण्याने अंघोळ करणे, स्थानिक भाजीपाला आणि मासे खाणे, हे त्याचे आणि त्याच्या माणसांचे रोजचे जगणे होते.

पिंपांत नेमके काय होते?

या तणनाशकाच्या पिंपांवर नारिंगी पट्टा रंगवलेला असे, म्हणून त्याचे नाव ‘एजंट ऑरेंज’ पडले. त्यात २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशके निम्मी निम्मी मिसळलेली होती. दोन्ही रसायने रुंद पानांच्या वनस्पतींमध्ये वाढीच्या संप्रेरकासारखे काम करतात. वनस्पती बेसुमार वाढू लागते आणि त्यातच मरते.

खरा धोका या दोन रसायनांइतका त्यांच्यासोबत आलेल्या अशुद्धतेत होता. २,४,५-टी तयार करताना तापमान वाढले की टीसीडीडी नावाचे डायऑक्सिन तयार होते. मालाची मागणी प्रचंड होती, उत्पादन घाईने चालले होते, आणि ही अशुद्धता पिंपांत तशीच राहिली. डायऑक्सिनचे प्रमाण अत्यल्प असले तरी ते चरबीत साठते आणि शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. माणसाच्या शरीरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण सात ते अकरा वर्षे लागतात. पेशींमधील एका विशिष्ट ग्राहकाला चिकटून ते अनेक जनुकांच्या कामात ढवळाढवळ करते. मातीत आणि नदीच्या गाळात ते कित्येक दशके टिकते आणि मासे, बदके यांच्यामार्फत पुन्हा माणसाच्या ताटात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये टीसीडीडीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना २,४-डी हे नाव ओळखीचे आहे. उसात तण मारण्यासाठी ते आजही वापरतात. ते हाताळताना हातमोजे, मुखपट्टी ही काळजी घ्यायलाच हवी, पण ते म्हणजे एजंट ऑरेंज नव्हे. टीसीडीडीचे मूळ असलेल्या २,४,५-टी या दुसऱ्या रसायनावर भारतात बंदी आहे.

व्हिएतनामवर एकूण सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशके फवारली गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक एजंट ऑरेंज होते. २,४,५-टीमुळे उंदरांच्या पिल्लांत जन्मजात व्यंगे येतात, हे १९६९ मध्ये उघड झाले. एप्रिल १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबवण्यात आला आणि १९७१ च्या सुरुवातीला हवाई दलाची फवारणी मोहीमच बंद झाली.

त्याच सुमारास, १ जुलै १९७० रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी झुमवाल्ट अमेरिकेचे नौदलप्रमुख झाले. चार वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी थेट सर्व नौसैनिकांना उद्देशून १२१ आदेश काढले. कृष्णवर्णीय नौसैनिकांना मिळणारी दुय्यम वागणूक, स्त्रियांना बंद असलेली कामे, कुटुंबीयांच्या अडचणी, असे अनेक विषय त्यांत होते. जुन्या अधिकाऱ्यांचा रोष त्यांनी पत्करला. १९७४ मध्ये ते निवृत्त झाले. दोन वर्षांनी व्हर्जिनियातून सिनेटची निवडणूक लढवली आणि हरले. त्यांचे सार्वजनिक आयुष्य तेथे संपले, असेच अनेकांना वाटले असणार.

सैनिक आजारी पडू लागले

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएतनामहून परतलेले तिशीतले सैनिक विचित्र आजार घेऊन सरकारी रुग्णालयांत येऊ लागले. कुणाला त्वचेवर न जाणारे फोड, कुणाला मऊ ऊतींचा सार्कोमा, कुणाला लसिका ग्रंथींचा कर्करोग. कुणाच्या मुलांत जन्मजात व्यंगे होती. हेलिकॉप्टरवर काम केलेला पॉल रॉयटरशान हा सैनिक १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर आला आणि आपल्याला झालेला कर्करोग व्हिएतनामच्या फवारणीतून आला आहे, असे त्याने देशाला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वयाच्या २८ व्या वर्षी तो वारला.

या सैनिकांपुढे दोन दारे होती आणि दोन्ही जवळपास बंद होती. अमेरिकेत सेवेतील इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निकाल तसा आहे. म्हणून त्यांनी रसायन कंपन्यांवर दावा लावला. मे १९८४ मध्ये, सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर, सात कंपन्यांनी दोष मान्य न करता १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. रक्कम मोठी वाटते, पण दावेदार हजारोंनी होते. पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकालाही या निधीतून १२,८०० डॉलरहून अधिक मिळू शकत नव्हते.

दुसरे दार माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे. सेवेमुळे अपंगत्व आले तर हे खाते दरमहा भत्ता आणि मोफत उपचार देते. पण एजंट ऑरेंजच्या बाबतीत खात्याने क्लोरअ‍ॅक्ने हा त्वचाविकार तेवढा मान्य केला. बाकी आजारांसाठी रसायनामुळेच आजार झाल्याचा पुरावा नाही, हे ठरलेले उत्तर. असे सुमारे ३१ हजार अर्ज फेटाळले गेले.

घरातला रुग्ण

झुमवाल्ट यांचा मुलगा एल्मो नौदल सोडून वकील झाला होता आणि नॉर्थ कॅरोलिनामध्ये पत्नी आणि दोन मुलांसह राहत होता. जानेवारी १९८३ मध्ये त्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा असल्याचे निदान झाले. वय ३६. दोन वर्षांनी त्याला हॉजकिन हा दुसऱ्या प्रकारचा लसिका कर्करोगही झाल्याचे आढळले. त्याच्या मुलाला जन्मापासून शिकण्यात आणि संवेदनांचा मेळ घालण्यात अडचणी होत्या. तीन पिढ्यांचे हे घर आता एकाच प्रश्नाशी येऊन थांबले. डॉक्टरांच्या घरात जन्मलेल्या या निवृत्त अ‍ॅडमिरलनी वैद्यकीय शोधनिबंध वाचायला सुरुवात केली.

उपचार थकल्यावर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पर्याय उरला. १९८६ मध्ये सिएटल येथे ते झाले. बहिणीची अस्थिमज्जा एल्मोशी जुळली, म्हणून ते शक्य झाले. सख्ख्या भावंडांपैकी एखादे पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ज्याला भावंडे नाहीत किंवा कुणाचेही जुळत नाही, त्याने काय करायचे? त्या काळात परक्या दात्यांची देशव्यापी यादीच नव्हती. अशी यादी उभी करण्यासाठी झुमवाल्ट यांनी आपले वजन खर्च केले. नौदलाच्या पैशातून १९८६-८७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय अस्थिमज्जा दाता योजना सुरू झाली आणि तिच्या संचालक मंडळाचे पहिले अध्यक्ष झुमवाल्ट होते. अनोळखी दात्याच्या पेशींवर जगलेल्या हजारो रुग्णांपर्यंत या कामाचा धागा पोचतो.

मुलाला प्रत्यारोपणाने थोडा अवधी दिला, बरे केले नाही. बाप-लेकांनी मिळून १९८६ मध्ये आपल्या आयुष्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर पुढे दूरचित्रवाणीपटही निघाला. त्यात दोघांनी घेतलेली भूमिका अनेक वाचकांना चक्रावणारी वाटली. आपला कर्करोग एजंट ऑरेंजनेच झाला, अशी मुलाची खात्री होती, पण न्यायालयात ते सिद्ध करता येणार नाही हे वकील म्हणून तो जाणून होता. वडिलांना दोष द्यायला तो तयार नव्हता, कारण ती झाडी राहिली असती तर कदाचित तो आणि त्याचे सोबती नदीतच मेले असते. वडिलांचीही भूमिका तीच होती. त्या परिस्थितीत आपण तोच आदेश पुन्हा दिला असता, असे ते उघडपणे सांगत. पण आपण दिलेल्या आदेशातून मुलाचा आजार आला, हे दुःख आयुष्यभर सोबत राहील, हेही ते लपवत नसत. १३ ऑगस्ट १९८८ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी एल्मोचा मृत्यू झाला.

या भूमिकेतूनच झुमवाल्ट यांचे पुढचे काम निघाले. युद्धात सेनापती माणसांना धोक्यात घालतो आणि कधी एक धोका टाळण्यासाठी दुसरा पत्करतो. पहिल्या धोक्याची किंमत, म्हणजे गोळीची जखम, सरकार निमूट चुकवते. मग वीस वर्षांनी उमटणाऱ्या दुसऱ्या धोक्याची किंमत एकट्या सैनिकाने का चुकवायची?

पुराव्याचे गणित

येथे वैद्यकशास्त्राची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. कर्करोगाच्या गाठीवर कारणाचा शिक्का नसतो. डायऑक्सिनमुळे झालेला लिम्फोमा आणि एरवी झालेला लिम्फोमा सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. शास्त्र फक्त गटांची तुलना करू शकते.

समजा, संपर्क न आलेल्या गटात एखादा आजार दोघांना होतो आणि तेवढ्याच मोठ्या, संपर्क आलेल्या गटात तिघांना. जोखीम दीडपट झाली. त्या तिघांपैकी एकाचा आजार जादाचा आहे, पण तो एक कोण, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. प्रत्येकाच्या बाबतीत विचाराल तर रसायन कारण असण्याची शक्यता तीनात एक. निम्म्याहून अधिक शक्यता सिद्ध करा, असा न्यायालयीन निकष लावला तर तिघेही हरतात. त्यांतल्या एकाचे नुकसान खरोखर झालेले असूनही मदत कुणालाच मिळत नाही. संपर्क किती आला होता याची नोंद कुणीच ठेवलेली नसेल, तर अडचण आणखी वाढते. व्हिएतनाममध्ये तेच झाले होते. कोणता सैनिक कोणत्या दिवशी कोणत्या फवारलेल्या पट्ट्यात होता, हे कागदांवरून ठरवता येत नाही, म्हणून सरकारी रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये एक मोठा अभ्यास अर्धवट सोडला.

मे १९८९ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी माजी सैनिक खात्याचे नियम रद्द ठरवले. कायद्याला कार्यकारणाचा पक्का पुरावा अपेक्षित नाही. संपर्क आणि आजार यांच्यात लक्षणीय सांख्यिकी संबंध दिसला तर तो पुरेसा आहे आणि शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा आहे, असा त्या निकालाचा अर्थ होता. फेटाळलेले ते हजारो अर्ज पुन्हा उघडावे लागणार होते. खात्याचे मंत्री एडवर्ड डरविन्स्की यांनी या निकालाविरुद्ध अपील केले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी झुमवाल्ट यांना या विषयावर आपले विशेष सहायक नेमले.

मार्च १९९० मध्ये रोगनियंत्रण केंद्राचा अहवाल आला. व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होते. पण ही वाढ फवारलेल्या जंगलांत लढलेल्यांपेक्षा समुद्रातील जहाजांवर असलेल्यांत अधिक दिसत होती. त्यामुळे तिचे कारण एजंट ऑरेंजच, असे केंद्राने मानले नाही. कारण काहीही असो, सेवेशी संबंध दिसतो आहे, एवढ्यावर डरविन्स्की यांनी या कर्करोगासाठी भत्ता मंजूर केला.

झुमवाल्ट यांनी आपला अहवाल ५ मे १९९० रोजी दिला. उपलब्ध अभ्यास त्यांनी तज्ज्ञांच्या मदतीने पुन्हा तपासले होते. खात्याच्या सल्लागार समितीने पुरावा एकांगी पद्धतीने वाचला, सरकारी संशोधनात त्रुटी राहिल्या आणि उत्पादकांच्या पैशावर झालेल्या काही अभ्यासांवर विसंबता येत नाही, असे कडक आक्षेप त्यांनी घेतले. २८ आजारांच्या बाबतीत रसायनाशी संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहेच, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलगा गमावलेल्या बापाचा हा अहवाल तटस्थ म्हणता येईल का, हा प्रश्न रास्त आहे. त्या २८ पैकी सगळ्या आजारांना पुढच्या परीक्षणांत आधार मिळाला नाही. पण वाद लष्करी इस्पितळांच्या खिडकीवरून उचलून देशाच्या संसदेपुढे नेण्यात या अहवालाचा वाटा मोठा होता.

१९९१ चा कायदा

६ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘एजंट ऑरेंज कायदा’ अमलात आला. त्याने शास्त्राचे काम आणि सरकारचे काम वेगळे केले. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वैद्यकीय संस्थेने दर दोन वर्षांनी जगभरचे संशोधन तपासायचे आणि प्रत्येक आजाराबद्दल पुरावा पुरेसा आहे, मर्यादित आहे, अपुरा आहे की संबंध नसल्याचेच दाखवतो, ते सांगायचे. त्यावरून मंत्र्यांनी आजारांची यादी ठरवायची.

सैनिकासाठी पद्धत सोपी झाली. ठरावीक काळात तो व्हिएतनाममध्ये होता का आणि यादीतला आजार त्याला आहे का, एवढेच पाहायचे. दोन्ही उत्तरे होकारार्थी असली की आजार सेवेमुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. मग अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार दरमहा भत्ता, उपचार आणि मृत्यूनंतर पत्नीला साहाय्य मिळते.

१९९३ च्या पहिल्या परीक्षणात मऊ ऊतींचा सार्कोमा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा, हॉजकिन आणि क्लोरअ‍ॅक्ने यांच्यासाठी पुरावा पुरेसा ठरला. एल्मोला झालेले दोन्ही कर्करोग या यादीत होते. तो जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. फुप्फुसाचा, प्रोस्टेटचा कर्करोग आणि मल्टिपल मायलोमा यांची भर पुढे पडली. १९९६ च्या कायद्याने व्हिएतनामच्या सैनिकांच्या स्पायना बायफिडा असलेल्या मुलांनाही मदत मिळू लागली. २००१ मध्ये टाइप-२ मधुमेह आणि २०१० मध्ये पार्किन्सन व हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यादीत आला.

या पद्धतीवर टीकाही झाली. मधुमेह, हृदयविकार, प्रोस्टेटचा कर्करोग हे म्हातारपणी कुणालाही होणारे आजार. लठ्ठपणा किंवा सिगारेट हे खरे कारण असलेल्या अनेकांनाही भत्ता मिळतो आणि खर्च अब्जावधी डॉलरवर जातो, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण एकेकाचे कारण शोधता येत नाही, तेव्हा चूक कोणत्या तरी बाजूला होणारच. काहींना विनाकारण मदत मिळणे आणि खऱ्या बाधितांना ती नाकारली जाणे, या दोन चुकांतून अमेरिकेने पहिली पत्करली. हा निर्णय शास्त्राने घेतलेला नाही. शास्त्राने फक्त शंका किती आहे ते मोजून दिले.

या न्यायाला एक मोठी उणीव राहिली. ज्यांच्या शेतांवर आणि गावांवर फवारणी झाली त्या लाखो व्हिएतनामी लोकांना हा कायदा लागू नाही. त्यांनी कंपन्यांवर लावलेला दावा अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. झुमवाल्ट १९९४ मध्ये व्हिएतनामला गेले होते आणि दोन्ही देशांनी मिळून डायऑक्सिनच्या परिणामांचे संशोधन करावे, असा आग्रह त्यांनी धरला होता. दा नांग विमानतळावरील दूषित माती अमेरिकेच्या पैशातून शुद्ध करण्याचे काम मात्र २०१८ मध्ये पुरे झाले. बिएन होआ या त्याहून दूषित तळावरचे काम त्यानंतर सुरू झाले.

जुना हिशेब

१९९८ मध्ये झुमवाल्ट यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २ जानेवारी २००० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजार होता मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणासारख्या पातळ पडद्यांचा कर्करोग. बहुतेक रुग्णांत तो अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो आणि संपर्कानंतर २० ते ५० वर्षांनी उमटतो. त्यांच्या उमेदीच्या काळातील युद्धनौकांवर बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवती अ‍ॅस्बेस्टॉसचेच वेष्टन असे.

त्यांच्यानंतरही हे काम थांबले नाही. किनाऱ्याजवळच्या समुद्रात जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना २०१९ च्या कायद्याने एजंट ऑरेंजची मदत मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये संमत झालेल्या ‘पॅक्ट’ कायद्याने हेच तत्त्व इराक आणि अफगाणिस्तानच्या सैनिकांना लावले. तेथील तळांवर प्लॅस्टिक, बॅटऱ्या, वैद्यकीय कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जात असे. त्या धुराशी जोडलेले अनेक कर्करोग आणि श्वसनविकार आता गृहीत धरले जातात. उच्च रक्तदाब एजंट ऑरेंजच्या यादीत आला तोही याच कायद्याने.

भारतातही अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या वादांत हाच प्रश्न येतो. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला, तर तो सेवेशी संबंधित मानावा आणि सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांतील माजी सैनिकांच्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवे. सेवापुस्तक, नेमणुकांच्या जागा व तारखा आणि सेवेतील वैद्यकीय कागद जपून ठेवावेत.

हे फक्त सैनिकांपुरते नाही. रंगकाम, वेल्डिंग, रसायनांचा कारखाना, जहाजतोडणी, शेतातली फवारणी, अशा कामांचे परिणाम निवृत्तीनंतरही दिसू शकतात. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या तक्रारीबरोबरच आयुष्यात कोणती कामे केली, कशाशी संबंध आला आणि किती वर्षे, हेही सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. व्हिएतनामच्या सैनिकांच्या बाबतीत ही नोंद कुणी ठेवली नाही, आणि तिच्या अभावी भरपाईचा कायदा येण्यात वीस वर्षे गेली.